बारा नंबरचे पाणी

पिण्याच्या पाण्याची तपासणी हे काम बाहेरून जितके कंटाळवाणे दिसते, तितकेच ते आतूनही आहे. बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरायचे, झाकण लावायचे, दोन दिवस थांबायचे आणि बाटली काळी झाली की नाही ते पाहायचे. अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मी वीस वर्षे हे काम केले. त्याआधी अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडले. मेव्हण्याचे फिल्टर दुरुस्तीचे दुकान मात्र चालू होते. मी एका टेबलावरून उठून दुसऱ्या टेबलावर बसलो, एवढेच म्हणता येईल.

बाटलीबद्दल थोडे सांगतो. आत औषध लावलेला कागद असतो. पाण्यात आतड्यातले, म्हणजे स्पष्ट सांगायचे तर विष्ठेतले जंतू असले, तर दोन दिवसांत पाणी काळे होते. नसले तर फिकट पिवळसर राहते. बाटली थंडीत उबेला ठेवावी लागते. अकोल्यात मे महिन्यात कुठेही ठेवली तरी चालते. दैनिकात असताना दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी लावायची नाही, असा नियम होता. मी प्रत्येक नमुन्याच्या दोन बाटल्या भरतो. दोन्ही काळ्या झाल्या तर अहवालात ‘अयोग्य’ लिहितो. एकच झाली तर परत जातो.

दिसायला स्वच्छ पाणी आणि प्यायला सुरक्षित पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याचा हिशेब नाही. लोक ऐकतात, मान डोलावतात आणि तुरटी फिरवतात. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. वलगावच्या एका गृहस्थांकडे रोज वीस मिनिटे पाणी उकळत असे. उकळलेले पाणी गरम लागते म्हणून ते त्यात निम्मे विहिरीचे गार पाणी घालत. वरूडच्या एका संत्र्याच्या व्यापाऱ्यांनी मोठे फिल्टर घेतले होते. ते सात वर्षे भिंतीवर होते, कारखान्यातून आलेल्या प्लॅस्टिकसकट. झिजू नये म्हणून चालू केलेले नव्हते. सर्व्हिसिंग मात्र दरवर्षी करून घेत. मी दर वेळी प्लॅस्टिक पुसून देत असे.

या सगळ्यांत अकोल्याच्या नानांचे प्रकरण वेगळे आहे. त्यात चूक नानांची होती, आणि एक माझीही होती.

नाना भूमापन खात्यातून नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. घरातले, गल्लीतले, सगळेच त्यांना नाना म्हणत. मुलगा आणि सूनही. मला आलेला फोन त्यांचा नव्हता, त्यांच्या पत्नीचा, सुमनकाकूंचा होता. दिवाळीत त्यांची नात सानिका अमरावतीहून आली होती. वय सात. चौथ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले आणि तीन दिवस दवाखान्यात सलाईन लावावी लागली. तेव्हापासून सूनबाई मंजूषा हिने सांगून ठेवले होते की, अकोल्याच्या घरचे पाणी तपासून ते योग्य असल्याचा कागद हातात पडेपर्यंत सानिका तिथे मुक्कामाला राहणार नाही. उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली होती. काकू फोनवर एवढेच म्हणाल्या, “कागद पायजे जी. पोरगी आली पायजे.”

त्या वसाहतीत नळ पाच दिवसांआड येई. अशा ठिकाणी पाणी साठवण्याच्या दोन पद्धती आढळतात. पहिली सर्वत्र दिसते. नळ आला की घरातले साठवलेले पाणी एका क्षणात शिळे ठरते, ते अंगणात ओतून देतात आणि भांडी नव्याने भरतात. नळाच्या दिवशी त्या गल्लीत कोरडा रस्ता सापडत नसे. नानांना हा अपव्यय सहन होत नव्हता. त्यांनी दुसरी पद्धत काढली. ती मी फक्त त्यांच्याकडे पाहिली.

त्यांच्या मागच्या पडवीत अकरा निळे ड्रम एका ओळीत होते. प्रत्येकावर नंबर आणि भरल्याच्या तारखेची चिठ्ठी. नियम असा की, सर्वात जुने पाणी आधी संपवायचे, ते संपेपर्यंत पुढच्या ड्रमला हात लावायचा नाही. आज आलेले पाणी रांगेत शेवटी उभे राही आणि त्याची पाळी यायला दीड-दोन महिने लागत. थोडक्यात, नऊ वर्षांत त्या घरात अधिकृतपणे कोणी ताजे पाणी प्यायलेले नव्हते. नानांच्या मते हे चांगलेच होते. पाणी जितके जुने तितके निवळते, असे त्यांचे म्हणणे. अमरावतीचे पाणी, त्यांच्या शब्दांत, पातळ होते.

यातली अडचण मी त्यांना समजावून सांगितली. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. ते काही दिवसांत उडून जाते. त्यानंतर बाहेरून काही आत पडले तर त्याला अडवणारे कोणी उरत नाही. नाना म्हणाले, बाहेरून पडेल कसे, झाकणे घट्ट आहेत. झाकणे खरोखर घट्ट होती.

संध्याकाळचे पाच वाजले. नाना उठले, मोरीत गेले आणि तिथल्या कोपऱ्यातून एक काठी घेऊन आले. सागवानाची, जुनी, इंचांच्या खुणा केलेली. मोरीच्या त्याच कोपऱ्यात खराटा आणि संडासची बादली होती. नानांनी एक नंबरच्या ड्रमचे झाकण काढले, काठी तळापर्यंत बुडवली, वर काढली, ओल पाहिली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “एक नंबर, नऊ इंच.” मग दोन नंबर. मग तीन. अकराही ड्रम झाल्यावर काठी झटकून परत मोरीत ठेवली.

हे रोज करता का, असे मी विचारले.

“रोज. पाच वाजता.”

कशासाठी, असेही विचारले. नानांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी फक्त संपादकांची पाहिली होती.

“मोजल्याशिवाय पानी हाय, हे समजाचं कसं?”

मी अकरा ड्रमच्या बाटल्या भरल्या. सोबत आणलेल्या, उकळून गार केलेल्या पाण्यात काठी खळबळून त्या पाण्याच्याही दोन बाटल्या भरल्या. तेवढ्यात काकूंनी चहाला आत बोलावले. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ज्वारीची कोठी होती आणि कोठीच्या मागे, ओल्या फडक्याने झाकलेला, तोटीचा स्टीलचा डबा. नळ आला की पहिली धार त्यात पडे, चौपदरी सुती कापडातून गाळून. नाना वाचनालयात गेले की काकू ते पाणी उकळत आणि झाकून गार करत. झाकण उघडायचे नाही, हात बुडवायचा नाही, घ्यायचे ते तोटीतून. मी लोकांना वीस वर्षे जे सांगत होतो, ते या बाई कोणी न सांगता करत होत्या.

“याचीबी बाटली भरा,” त्या म्हणाल्या. “अन् हळू बोला.”

नाना झोपले असावेत, असा मी अर्थ काढला. नाना त्या वेळी अंगणात उभे होते आणि खिडकीतून मला दिसत होते.

दोन दिवसांनी निकाल पूर्ण झाला. ड्रमच्या बावीसच्या बावीस काळ्या. काठीच्या दोन्ही सर्वात आधी झाल्या होत्या, दुसऱ्या दिवशी सकाळीच. डब्याच्या दोन्ही फिकट. कारण उघड होते. पाणी खराब नव्हते, ड्रम वाईट नव्हते, झाकणे घट्ट होती. नाना स्वतःच्या हाताने रोज पाच वाजता मोरीतला कोपरा अकरा ठिकाणी वाटत होते.

मी अहवाल लिहिला. नमुना क्रमांक, ठिकाण, निष्कर्ष, असे तीन रकाने. तेरा ओळी. एकही शब्द जास्त नाही. अहवाल चांगला उतरल्याचे समाधान मला होते, हे नोंदवणे भाग आहे.

नानांनी तो पुढच्या खोलीत चष्मा लावून मोठ्याने वाचला. काकू बाजूला मेथी निवडत होत्या. पहिल्या अकरा ओळी नानांनी एकाच सुरात वाचल्या, जमिनीचे गट नंबर वाचावेत तशा. बारावी ओळ त्यांनी सोडली आणि तेरावीवर थांबले.

“तेरा नंबर. मोजणीची काठी. अयोग्य.” त्यांनी चष्मा काढला. “काठी कोन पेते?”

मी कारण सांगितले. ते ऐकताना नानांचा चेहरा बदलला नाही. माझे सांगून झाल्यावर त्यांनी पुन्हा चष्मा लावला.

“बारा नंबर. ज्वारीच्या कोठीमागचा तोटीचा डबा. योग्य.” मग कागदाकडे पाहतच म्हणाले, “माह्या घरी अकरा नंबर हायेत.”

काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली नाही.

“हे कवापासून वो?”

“तुमी रिटायर झाले तवापासून.”

“नऊ वर्षं?”

“नऊ.”

“मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं त तुमी मोजलं असतं.”

नानांनी कागदाची घडी घातली. मग त्यांनी विचारले की, या नऊ वर्षांत त्यांना स्वतःला कोणते पाणी मिळत होते. काकू म्हणाल्या, तुमाले तुमचंच. नाना म्हणाले, मी तर कधी आजारी पडलो नाही. काकू म्हणाल्या, तुमाले सवय हाय. इथपर्यंत संभाषण एकंदरीत ठीक चालले होते.

मग काकूंचे हात थांबले.

“दिवाळीत पोरीले तुमी एक नंबरचं देल्लं. सर्वात जुनं, सर्वात निवळ, म्हनून. मी तथीच उभी होती. माह्या डब्यातलं देतो, असं म्हनाले पायजे होतं मी. नाई म्हनली.” त्यांनी मेथी पुन्हा हातात घेतली. “डबा दिसला असता ना.”

दैनिकात ठिकाण लिहिले नाही तर बातमी अपुरी मानत. ही सवय अंगी मुरली होती. काकूंना त्यांचे पाणी बरे आहे की नाही एवढेच जाणून घ्यायचे होते. ते मी तोंडी सांगू शकलो असतो. डबा कुठे आहे, हे जगात एकाच माणसाला कळायला नको होते आणि मी ते त्याच्या हातात टाईप करून दिले.

अहवाल मंजूषाकडे जाणे भागच होते. ती अमरावतीत शाळेत शिकवते. तिचा फोन आला. सानिका अकोल्याला येणार नाही, असे तिने सांगितले, आणि लगेच पुढे म्हणाली, “पण ती नानांना भेटणार नाही, असं मी म्हटलेलं नाही.” तिने मार्ग काढला होता. सुट्टी लागली की सगळ्यांनी दोन दिवस चिखलदऱ्याला तंबूत राहायचे. पाण्याची व्यवस्था नानांनी करायची. ती नीट झाली, तर सानिका तिथून सरळ आजी-आजोबांबरोबर अकोल्याला, आठ दिवस. नाही झाली, तर आईबरोबर परत अमरावतीला. सानिकाची बॅग दोन्ही शक्यता धरून भरली जाईल.

नानांनी ही परीक्षा स्वीकारली. मलाही बोलावले. “तुमी या,” म्हणाले. “तुमी कोनाचेच नाई.” हा मला मिळालेला सर्वात मोठा व्यावसायिक अभिप्राय आहे.

तयारी माझ्यासमोर झाली. चाळीस लिटरचा नवा ड्रम, खाली तोटी. आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने घासला, मग दोनदा खळबळला. ताजे नळाचे पाणी, रांगेत उभे न राहता, चौपदरी कापडातून थेट आत. मोजून क्लोरीनचे थेंब आणि अर्धा तास थांबणे. हा अर्धा तास कोणी पाळत नाही. थेंब पडले की लोक पेला भरतात. औषध पोटात गेल्यावर मग त्याने काम करावे, अशी अपेक्षा असते. नाना घड्याळ घेऊन बसले. शेवटी मी सांगितले की, आता झाकण उघडायचे नाही. नाना म्हणाले, समजते मले. दोन दिवसांनी त्या पाण्याच्या दोन्ही बाटल्या फिकट निघाल्या.

निघताना जीपमध्ये काठी दिसली. मी काही बोलण्याआधी नाना म्हणाले, “पहाडात काठी लागते.” घासून, उन्हात वाळवून आणली होती, हेही सांगितले.

परतवाड्याला दोन्ही गाड्या भेटल्या आणि दुपारी आम्ही वर पोहोचलो. तीन तंबू, मधे मोकळी जागा, कडेला एक मोठे झाड. ड्रम त्या झाडाखाली दगडांवर ठेवला. सानिकाने आल्याबरोबर तोटी उघडून पाहिली, पाणी प्यायली आणि बंद केली. मंजूषाने तिला अडवले नाही, म्हणजे माझ्या अहवालावर तिचा विश्वास होता. चार वाजेपर्यंत सगळे उत्तम चालले. नानांनी नातीला क्षितिजावरचे डोंगर ओळखून दाखवले. काकूंनी चिवडा काढला. मुलगा, म्हणजे मंजूषाचा नवरा, सतरंजीवर आडवा झाला आणि या हकिकतीतून बाहेर पडला.

साडेचारनंतर नाना उभे राहिले. मग ड्रमभोवती एक फेरी मारली. मग दुसरी. तोटी गळत नाही ना, ते पाहिले. ड्रमवर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकला. आवाजावरून अंदाज येत असावा, पण समाधान होत नसावे. आम्ही सगळे दुसरीकडे पाहत होतो. पाच वाजले, हे मला घड्याळाकडे न पाहता समजले.

नानांनी झाकण उघडले, काठी बुडवली, वर काढली, ओल पाहिली आणि म्हणाले, “साडेचौदा इंच.”

वाक्य पूर्ण झाल्यावर त्यांना स्वतःचा आवाज ऐकू आला असावा. सकाळपासून ती काठी रस्त्यावर, जीपमध्ये, शेणात आणि चिखलात टेकून आली होती. मंजूषा सानिकाची वेणी घालत होती. तिचे हात थांबले. मग तिने वेणी पूर्ण केली, रबर लावले आणि सानिकाचे बूट जवळ ओढले.

नाना काठीकडे पाहत उभे राहिले. मग त्यांनी ती झाडाला टेकवली, खाली वाकून ड्रमची तोटी पूर्ण उघडली आणि बाजूला सरले. पाणी झाडाच्या मुळाशी जाऊ लागले. चाळीस लिटरला जरा वेळ लागतो.

“झाडाले चालते,” शेवटी नाना म्हणाले.

तंबूवाल्यांच्या टाकीत पाणी होते, गढूळ. ते कापडातून गाळता आले असते, निवळू देऊन चुलीवर चांगले खळखळ उकळता आले असते. जंगलात, डोंगरात, कुठेही दुसरे काही नसेल तर हाच मार्ग, आणि तो पुरेसा आहे. पण उकळलेले पाणी गार व्हायला तास-दोन तास जातात, आणि चिवडा खाल्लेली सात वर्षांची मुलगी तेवढे थांबत नाही. सानिका म्हणाली, तिला तहान लागली आहे. दोन मिनिटांनी पुन्हा म्हणाली.

काकू उठल्या. त्यांच्या तंबूत अंथरुणाच्या वळकटीमागे एक पिशवी होती. तिच्यातून त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळलेला तोटीचा स्टीलचा डबा काढला आणि सगळ्यांच्या मधोमध, सतरंजीवर आणून ठेवला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदाच सर्वांसमोर येत होता.

नाना त्याच्याजवळ बसले.

“हे बारा नंबर हाय का?”

“हाव.”

“तारीख?”

“आजची. सकाळी तुमी जीपमधी ड्रम बांधत होते तवा उकळलं.”

नानांनी पेला तोटीखाली धरला. अर्धा भरला आणि सानिकाला दिला नाही, मंजूषाला दिला. मंजूषाने पाहिले, पेला नानांच्या हाती परत केला. मग नाना स्वतः प्यायले. पेला खाली ठेवला. पाणी पातळ आहे की कसे, याबद्दल त्यांनी मत दिले नाही.

मंजूषाने सानिकाची बाटली काढली आणि तोटीखाली धरली. सानिका शेजारी उभी होती. तिने डबा न्याहाळला, झाडाला टेकलेली काठी पाहिली आणि विचारले, “नाना, याच्यात किती पाणी आहे?”

नानांची मान काठीकडे वळली. हात वळला नाही.

“मोजलं नाई बाबू,” ते म्हणाले. “पुरन सगळ्याइले.”

मंजूषाने बाटलीचे झाकण लावले आणि सानिकाचे बूट पुन्हा सतरंजीच्या कडेला सारले.

दुसऱ्या दिवशी सानिकाने त्या काठीने तंबू मोजले, जीप मोजली, आजी मोजली. नाना आकडे सांगत होते. ओल्या वस्तू मोजायच्या नाहीत, हा नियम त्यांनी स्वतः घातला. तिथून ती अकोल्याला गेली आणि ठरल्याप्रमाणे आठ दिवस राहिली. पडवीत आता तीनच ड्रम आहेत, तोटीचे, आणि ते नळाच्या दिवशी घासून भरतात. चिठ्ठ्या आहेत. चिठ्ठ्यांशिवाय नानांना झोप येणार नाही, असे काकूंचे मत आहे आणि त्यात काही धोका नाही.

चिखलदऱ्याच्या त्या डब्यातल्या पाण्याच्या दोन बाटल्या मी सवयीने भरल्या होत्या. दोन दिवसांनी दोन्ही फिकट होत्या. काकूंना अहवाल पाठवला. नमुना क्रमांक एक. निष्कर्ष, योग्य. ठिकाणाच्या रकान्यात मी रेघ मारली.